ओवी कोणाची, हक्क कोणाचे?

अहिराणी लोकगीतांच्या एका संग्रहातील काही ओव्या मी टीकालेखात उद्धृत केल्या. प्रकाशकाचे पत्र आले: लेखी परवानगी का घेतली नाही? त्यांतल्या दोन ओव्या लहानपणी देवळ्यात मी मावशीच्या तोंडून ऐकल्या होत्या. संग्रहाच्या दुसऱ्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले आहे. गाणाऱ्या बायकांची नावे मात्र कुठेच नाहीत.

हा दोष केवळ शिष्टाचाराचा नाही. मावशीच्या ओवीत गिरणा नदी होती, छापील ओवीत ती नाही. हा पाठ कोणत्या गावचा, कोणी गायलेला, हे कळायला मार्ग नाही. अभ्यासाचा पायाच इथे ढासळतो.

हक्कांचे म्हणाल, तर कायदा संग्राहकाला इतके देत नाही. टीका-समीक्षेसाठी केलेला उचित वापर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने मोकळा ठेवला आहे. ‘ईस्टर्न बुक कंपनी’ खटल्यात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसते श्रम आणि खर्च पुरत नाहीत, त्यात थोडी तरी सर्जनशीलता हवी. तो खटला न्यायनिर्णयांच्या संपादित पाठांचा होता. पण तीच कसोटी लावली, तर संग्राहकाचे उरते ते निवड, मांडणी, प्रस्तावना आणि टिपा. परंपरेने आलेली ओवी त्याची होत नाही. उलट १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्याचा सादरीकरणावरचा हक्क मान्य केला. आज तो ५० वर्षे टिकतो.

बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेवांनी जपली, म्हणून १९५२ साली ती आईच्या नावाने छापली गेली. एखाद्या परक्या संग्राहकाच्या वहीत ती गेली असती, तर आज कदाचित ‘खानदेशी लोकगीते’ या मथळ्याखाली निनावी पडली असती. मरणोत्तर प्रकाशनाची ६० वर्षांची मुदत संपून २०१३ पासून ती सर्वांना खुली झाली. हक्क संपला, नाव राहिले.

संग्राहकाची बाजू मी नाकारत नाही. गावोगावची पायपीट, पदरचा पैसा. सगळेच फुकट उचलले गेले तर पुढचा संग्रह कोण करील? पण त्याचे उत्तर आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ त्यांतल्या ओव्या गायिकेच्या आणि गावाच्या नावासह सर्वांसाठी प्रसिद्ध करते. संग्राहकांचे श्रेय त्याने तसूभरही घटलेले नाही.

म्हणून नव्या संग्रहांकडून माझी अपेक्षा साधी आहे. टिपा-प्रस्तावनेचे हक्क संग्राहकाने खुशाल राखावेत. ओवीखाली, तिची संमती घेऊन, गाणारीचे नाव आणि गाव द्यावे. ओवी मोकळी सोडावी.

प्रकाशकाला मी कलम ५२ कळवले. परवानगी मागितली नाही. लेखाच्या पुढच्या आवृत्तीत मात्र त्या दोन ओव्यांशेजारी मावशीचा पाठ तिच्या नावासह दिला. गाणारीचे नाव द्यायचे मलाही पहिल्या वेळी सुचले नव्हते.