कैलास कोणी कोरले? ‘अशक्य’चे गणित

सहलीच्या दिवसांत वेरूळला जाणाऱ्या शिक्षकाला हा प्रश्न आज ना उद्या ऐकावा लागतोच. मला तो आठवीतल्या एका मुलाने सोळाव्या लेण्याच्या अंगणात विचारला. “बाई, हे माणसांनी केलेलं नाहीच ना?” त्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती. “काहीतरीच काय विचारतोस! आपल्या पूर्वजांनीच केलंय ते,” असे म्हणून मी मुलांना पुढे पिटाळले. मुलगा गप्प बसला. पण त्याच्याजवळ आकडे होते आणि माझ्याजवळ नुसताच चढा आवाज, हे परतीच्या बसमध्ये माझ्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी मी त्याला ते आकडे फळ्यावर लिहायला सांगितले.

आकडे असे: कैलास कोरताना ४ लाख टन दगड काढला. काम १८ वर्षांत पुरे झाले. रोज १२ तास, वर्षाचे ३६५ दिवस काम चालले असे धरले, तरी तासाला ५ टन दगड काढावा लागेल. हे हातोडा-छिन्नीने अशक्य. म्हणून परग्रहावरचे लोक, किंवा बुडालेली एखादी प्रगत संस्कृती, किंवा दगड वितळवणारे यंत्र.

भागाकार बरोबर आहे. बहुतेकजण तेवढाच तपासतात आणि गप्प होतात. तपासायचे असते ते भागाकाराच्या आधीचे आणि नंतरचे.

आधी ४ लाख टन. जेम्स बर्जेस यांच्या मोजमापानुसार कैलासाचे अंगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद, तर मागचा कडा १०७ फूट उंच आहे. एवढ्या लांबी-रुंदी-उंचीचा सबंध ठोकळा धरला तर घनफळ सुमारे १,२९,००० घनमीटर भरते. बेसाल्टचा एक घनमीटर साधारण २.९ टनांचा. म्हणजे सगळा ठोकळाच उचलून नेला, तरी तो पावणेचार लाख टनांच्या आतबाहेर. पण डोंगर उतरता आहे; १०७ फूट उंची फक्त मागच्या बाजूला, पुढे ती पुष्कळच कमी. शिवाय मधले मंदिर, नंदिमंडप, दोन्ही स्तंभ, हत्ती हे सारे दगड जागेवरच आहेत. बाजूच्या कड्यांतल्या ओवऱ्या आणि दालने जमेस धरूनही निघालेला दगड दोन लाख टनांच्या जवळपास येतो. चित्रफितीतला आकडा दुपटीने फुगवलेला आहे आणि हे सातवी-आठवीच्या घनफळाच्या गणितात सापडते.

मग १८ वर्षे. हा आकडा कोणत्याही शिलालेखात किंवा ताम्रपटात नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द साधारण इ. स. ७५६ ते ७७३. तिची लांबी घेऊन तीच बांधकामाची मुदत ठरवलेली दिसते. जणू राज्याभिषेकाच्या दिवशी पहिला घाव पडला आणि राजा गेला त्या दिवशी शेवटचा! मुख्य मंदिर कृष्णाच्या काळातले आणि भोवतालचे काही भाग नंतरचे, असे म. के. ढवळीकर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांचे मत आहे. तरी वादासाठी १८ वर्षेही मान्य करू.

आता भागाकारानंतरचे. दोन लाख टन, १८ वर्षे, म्हणजे तासाला अडीच टन. चित्रफीत इथे थांबते, कारण पुढची पायरी मांडली की गूढ संपते. हे अडीच टन एका माणसाने काढायचे नाहीत. २५० माणसे कामावर असतील तर माणशी तासाला १० किलो. दहा किलो बेसाल्ट म्हणजे जेमतेम साडेतीन लिटर, स्वयंपाकघरातल्या एका मध्यम पातेल्याएवढा. रोज १२ तास राबणे अवघड वाटते? सहा तासांच्या दोन पाळ्या करा, ५०० माणसे घ्या. सुट्ट्या द्या, डबर वाहणारे आणि छिन्न्या शेवटणारे लोहार धरा, आणखी दोन-तीनशे वाढवा. राजधानीचे साम्राज्य चालवणाऱ्या राजाला ही माणसे भारी नव्हती.

शिवाय सगळा दगड कण-कण करून काढायचा नसतो. पाथरवट आधी चर खणतो. मग ओळीने खाचा पाडून त्यांत पाचरा ठोकतो आणि घणाने एकेक करून सारख्या दाबत नेतो. दगड त्या ओळीत चिरत जातो. दख्खनचा खडक लाव्हाच्या थरांनी बनलेला, त्यात मुळात सांधे आहेत. जाणता कारागीर ते हेरूनच घाव घालतो. आपल्याकडच्या वडार वस्तीत पहार, सुतकी आणि पाचर घेऊन काम केलेली वृद्ध मंडळी आजही भेटतील. एखाद्या आजोबांना वर्गात बोलवावे. माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा त्यांची दहा मिनिटे जास्त शिकवून जातील.

वरून खाली कोरण्यातही चमत्कार नाही, सोय आहे. परांची बांधावी लागत नाही. एकही दगड वर चढवावा लागत नाही. शिल्पी आपल्या पायाखालच्या खडकावर उभा राहून शिखर घडवतो आणि खडक उतरेल तसा आपणही खाली उतरतो. चूक झाली तर दगड पुन्हा जोडता येत नाही, हे मात्र खरे. कैलासाच्या कर्त्यांची खरी थोरवी टनांत मोजायची नाही. ती या नियोजनात आहे. नेमकी तीच या चित्रफितींना दिसत नाही.

या प्रकारच्या लेखनाची रीत एकदा नीट पाहण्यासारखी आहे. एरिक फॉन डॅनिकेन यांचे ‘भविष्याच्या आठवणी’ अशा अर्थाच्या नावाचे जर्मन पुस्तक १९६८ मध्ये आले. जगभर खपले, मराठीतही अनुवादित होऊन चवीने वाचले गेले. मीही ते एका रात्रीत वाचले होते आणि आठवडाभर भारावलेली होते, हे कबूल करायला हवे. पानोपानी प्रश्नचिन्हे. हे कसे केले असेल? हे कोणी केले असेल? उत्तर द्यायला लेखक थांबत नाही; वाचक अडखळेपर्यंत तो पुढच्या खंडात पोचलेला असतो. प्रत्येक वास्तू तो तिच्या जागेवरून उचलतो, शेजारपाजार पुसून टाकतो आणि एकटी उभी करतो. एकटी उभी केलेली कोणतीही गोष्ट गूढच दिसते.

कैलास मात्र एकटे नाही. त्याच्या आधी सुमारे नऊशे वर्षे सह्याद्रीत लेणी कोरली जात होती: भाजे, कार्ले, पितळखोरे, अजिंठा. अखंड खडकातून वरून खाली मंदिर कोरण्याचा प्रयोग पल्लवांनी सातव्या शतकात महाबलीपुरमला केला. तिथल्या काही रथांची शिखरे पुरी आणि पाया अर्धवट आहे, म्हणजे कामाची दिशा स्वतः दगडच सांगतो. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकाच्या मध्याआधीचे, दगड रचून बांधलेले. त्याचा आराखडा आणि कैलासाचा आराखडा शेजारी ठेवला तर नाते लपत नाही. राष्ट्रकूटांनी चालुक्यांचे राज्य घेतले. त्यांचे कारागीरही बेकार बसले नसणार.

आणि अर्धवट कामे! शिक्षकांनी मुलांना पूर्ण लेण्यांपेक्षा ही आधी दाखवावीत असे माझे मत आहे. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे मध्येच सोडलेले आहे. खांब नुसते चौकोनी काढलेले, कुठे काम पुढे गेलेले, कुठे खडक तसाच. पुण्यातले पाताळेश्वर आठव्या शतकातले, तेही अपुरे. भर शहरात आहे, सहलीचा खर्च नाही. परग्रहावरून आलेल्या यंत्राने काम असे अर्धवट सोडून टाकीचे घाव मागे ठेवले असते का, हा प्रश्न मुलांना विचारून पाहावा.

डॅनिकेन यांनी भारतातून एक साक्षीदार काढला होता, दिल्लीचा लोहस्तंभ. सोळाशे वर्षे गंजला नाही, तेव्हा तो पृथ्वीवरच्या माणसाने केलेला नसावा, असा रोख. पुढे १९७४ मध्ये एका मुलाखतीत त्यांनीच हा मुद्दा सोडून दिला. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यामागचे रसायन उलगडले: लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार झाला आहे. गंमत अशी की, हा साक्षीदार आता आपल्या बाजूने बोलतो. सहा टनांहून जड लोखंडी स्तंभ घडवणारे लोहार ज्या देशात इ. स. ४०० च्या सुमारास होते, तिथे साडेतीनशे वर्षांनंतर चांगली छिन्नी मिळत नव्हती, असे कोणी म्हणू शकत नाही.

ग्रॅहम हॅनकॉक यांची मांडणी याहून सावध आहे. परग्रह नाही, हिमयुगाच्या अखेरीस, सुमारे १२,८०० वर्षांपूर्वी, नष्ट झालेली एक प्रगत संस्कृती आणि तिचे वाचलेले गुरुजन. त्यांचे गाजलेले पुस्तक १९९५ चे. २०२२ मध्ये दूरचित्रमालिकाही झाली. पुरावा कुठे, असे विचारले की समुद्राखाली, वाळूखाली, जिथे अजून खणलेले नाही तिथे. एप्रिल २०२४ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंट डिबल यांनी त्यांच्याशी जाहीर चर्चा केली. डिबल दगडांच्या वादात फारसे अडकले नाहीत. त्यांनी धान्याचा प्रश्न काढला. रानटी गव्हाचे दाणे पिकले की आपोआप गळतात. माणसाने पेरलेल्या गव्हाचे कणसाला धरून राहतात. हा बदल जळक्या दाण्यांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो आणि तो हळूहळू, हिमयुग संपल्यानंतर घडलेला दिसतो. जगभर फिरणारी संस्कृती काय खात होती? तिची शेती कुठे आहे? पुरातत्त्वज्ञांनी आजवर तपासलेल्या गोष्टींत अशा संस्कृतीचा पुरावा नाही, एवढे हॅनकॉक यांनी तिथे मान्य केले. वाद कसा घालावा याचा हा चांगला नमुना आहे. एकेका दगडावरून हुज्जत घालू नये. दावा खरा असता तर आणखी काय काय सापडायला हवे होते, ते विचारावे.

“असू दे की, करमणूक आहे. कोणाचे काय बिघडते?” असे सहकारी म्हणतात. बिघडते. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेला ग्रेट झिंबाब्वे नावाचे दगडी नगर आहे. चुन्याशिवाय रचलेल्या भिंती ११ मीटरपर्यंत उंच. १८७१ मध्ये तिथे पोचलेल्या कार्ल माउख यांनी ते शेबाच्या राणीशी जोडले. आफ्रिकी माणसाला हे जमणार नाही, हे गृहीतच होते. १९०५ मध्ये रँडल-मॅकायव्हर यांनी आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून हे स्थानिक लोकांचेच काम असल्याचे दाखवले. तरी ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारला ते पचेना. तसे उघड लिहू नये म्हणून दडपण आले आणि पुरातत्त्वज्ञ पीटर गारलेक यांनी १९७० मध्ये देश सोडला. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने आपले नाव त्याच दगडी नगरावरून घेतले. ‘हे यांनी केलेले नसणार’ या वाक्यातला ‘यांनी’ नेहमी कोणीतरी असतो. वेरूळच्या बाबतीत तो पाथरवट आहे. आणि परग्रहाऐवजी ‘आपल्या पूर्वजांची गुप्त यंत्रे’ आणणारेही त्याच्याच हातातली छिन्नी काढून घेतात, मग ते कितीही अभिमानाने बोलोत.

आपल्या जुन्या लोकांनी हा अन्याय केला नव्हता. कर्क राजाचा बडोद्याचा ताम्रपट इ. स. ८१२-१३ चा. त्यात कृष्णराजाने एलापूरला केलेल्या शिवमंदिराचे वर्णन आहे. ते वेरूळच्या कैलासाचे असल्याचे रा. गो. भांडारकरांनी १८८३ मध्ये मांडले. कवी म्हणतो की, विमानातून जाणाऱ्या देवांना हे मंदिर स्वयंभू वाटले आणि खुद्द ते घडवणारा स्थपतीही ‘हे माझ्या हातून कसे झाले’ म्हणून थक्क झाला. विमान आहे, देव आहेत, पण ते बघे आहेत, काम स्थपतीचे. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’तही अशीच एक कथा आहे. शिखर दिसेपर्यंत राणी जेवणार नाही, तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी वरूनच कोरायला लागतो आणि आठवड्यात शिखर दाखवतो. आठवडा ही कथेची सवलत समजू. पण कारागिराचे नाव आहे, गाव आहे आणि कामाची दिशाही बरोबर आहे.

थोडा दोष आपलाही आहे. आपण वर्गात राजाचे नाव आणि शतक सांगतो, ‘भव्य’ म्हणतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. कसे केले, हे सांगत नाही. ती रिकामी जागा चित्रफीत भरून काढते.

फळ्यावरचे गणित संपल्यावर त्या मुलाने दुसरा प्रश्न काढला. “बाई, मग एवढा दगड टाकला कुठे?” या वेळी मी ओरडले नाही. दोन लाख टन म्हणजे सुमारे ६९,००० घनमीटर. फुटलेला दगड पोकळ्यांमुळे जास्त जागा व्यापतो, म्हणून दीडपट धरा. मीटरभर जाडीचा थर पसरला तर साधारण २५ एकर. लेण्यासमोरचा उतार किती मोठा आहे, ते पुढच्या सहलीत पावलांनी मोजायचे ठरले आहे. दोरी आणि वही त्यानेच आणायची आहे.