काप्राचा नटराज आणि कारंज्याचा 'स्यात्'

आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरची अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा आहे. लहानपणी कारंज्याहून तिथे जाताना मी बाबांना विचारलं होतं, "मग गुरुत्वाकर्षणाचं काय?" पुढे इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा त्यांनी मला फ्रिट्जॉफ काप्राचं 'द ताओ ऑफ फिजिक्स' आणून दिलं. बहुधा तेच त्यांचं उत्तर होतं.

१९७५चं हे पुस्तक आजही वाचावं. इलेक्ट्रॉन कण म्हणून दिसेल की लाट म्हणून, हे आपण प्रयोग कसा मांडतो त्यावर ठरतं. वस्तुमान हे ऊर्जेचंच रूप आहे. या गोष्टी काप्रा एकही गणित न घालता समजावतो. आमच्या वर्गात इतकं नीट कुणी शिकवलं नव्हतं.

गडबड होते ती तुलनेत. वेदान्त, बौद्ध, ताओ, झेन यांची वचनं तो भौतिकशास्त्रज्ञांच्या वाक्यांशेजारी ठेवतो आणि ती सारखी वाटतात. पण दोन फंक्शन्सची नावं सारखी असली म्हणून ती एकच काम करत नाहीत, हे कोड लिहिणाऱ्या कुणालाही कळतं. इलेक्ट्रॉनबद्दलचं विधान प्रयोगात पडू शकतं. 'सर्व काही एकच आहे' हे विधान पाडणारा प्रयोग कोणता?

काप्राची भिस्त होती जेफ्री च्यू यांच्या 'बूटस्ट्रॅप' सिद्धांतावर: कोणताच कण मूलभूत नाही, सगळे एकमेकांच्या आधाराने आहेत. बौद्ध विचाराशी हे छान जुळतं. पण नोव्हेंबर १९७४मध्ये जे-साय कण सापडला आणि क्वार्कची बाजू भक्कम झाली. पुस्तक वाचकांच्या हाती पडेपर्यंत त्याच्या पायाखालची वाळू सरकू लागली होती. मग बुद्धही चुकला म्हणायचं का? धर्माला विज्ञानाचा टेकू लावला की ही पाळी येते, आणि आपले व्हॉट्सअ‍ॅपवरचे 'क्वांटम' फॉरवर्ड तर काप्राइतकाही अभ्यास करत नाहीत.

कारंज्यात जुन्या जैन हस्तलिखितांची भांडारं आहेत. काप्राच्या पुस्तकात मात्र जैन दर्शनाला वेगळं प्रकरणच नाही. ते काम भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांनी केलं. नील्स बोरच्या जन्मशताब्दीच्या १९८५च्या ग्रंथातल्या लेखात त्यांनी बोरच्या पूरकतेच्या तत्त्वाशेजारी स्याद्वाद ठेवला. ही तुलना मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: एखादं विधान कोणत्या अटीवर खरं? तरी पडद्यावर किती इलेक्ट्रॉन कुठे पडतील, हा आकडा स्याद्वाद देत नाही. तो क्वांटम सिद्धांतच देतो.

गेल्या दिवाळीत बाबांनी विचारलं, "पटलं काय रे पुस्तक?"

"अर्धं पटलं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हसून म्हणाले, "स्यात्."