ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलं, पण पुराचं पाणी बरोबर आलं का?

पीएचडीच्या तयारीत असलेल्यांचा एक प्रश्न मला वारंवार येतो. लॅबमध्ये गेमिंगचं कार्ड आहे, नवं मिळायची आशा नाही, मग आहे तेच ओव्हरक्लॉक करून सिम्युलेशन लवकर उरकलं तर काय बिघडतं? सोबत एक ठरलेलं वाक्यही येतं: ‘अर्धा तास बेंचमार्क चालवला, क्रॅश झालं नाही, म्हणजे कार्ड स्टेबल आहे.’ माझी तक्रार या ‘म्हणजे’बद्दल आहे.

उदाहरण माझ्याच विषयातलं घेते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. काम पुरतं झालेलं नसताना पहिल्याच पावसाळ्याचं पाणी त्यात साठलं होतं. ते खडकवासल्यात आलं, तेही धरण फुटलं आणि मुठेकाठचं पुणं बुडालं. असा पूर संगणकावर मांडायचा तर खोऱ्यावर चौकोनांची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकोनात पाण्याची खोली आणि दोन दिशांचा वेग क्षणाक्षणाला काढत जायचं. लाखो चौकोन, सगळीकडे तेच गणित. ग्राफिक्स कार्डासाठीच जन्मलेलं काम म्हणा ना!

आता ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमकं काय, ते बघा. घड्याळाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये चिपमधला सिग्नल मुक्कामी पोचला पाहिजे. उकाडा, चिपचं वय, एखादी चिप मुळातच जरा मंद निघणं, हे सगळं धरून कंपनी थोडी मोकळीक ठेवते. तुम्ही क्लॉक वाढवता तेव्हा ती मोकळीक खाता. ती संपली की कधी कार्ड बंद पडतं, आणि तसं झालं तर नशीब समजा, निदान कळलं तरी. कधी मात्र एक बिट चुकीचा लिहिला जातो आणि काम पुढे चालू राहतं. गेममध्ये एखादा ठिपका क्षणभर लाल दिसला तर कुणाचं काय अडतं? आपल्याकडे या पावलाचं उत्तर पुढच्या पावलाचा कच्चा माल असतं.

सगळे चुकलेले बिट सारखेच धोकादायक नसतात, हेही सांगायला हवं. अगदी खालचा बिट उलटला तर घर्षणात ती चूक विरून जाते. घातांकातला वरचा बिट उलटला तर आकडे इतके फुगतात की प्रोग्रॅमच कोलमडतो, म्हणजे लक्षात येतं. वाईट असतात ते मधले. २ मीटर खोलीच्या आकड्यात अपूर्णांकाचा सर्वांत वरचा बिट उलटला की ३ मीटर होतात. त्यातून लाट उठते, पसरते आणि नकाशावर ती अगदी खऱ्या लाटेसारखी दिसते.

या चर्चेत एक पेपर हमखास पुढे केला जातो: स्टॅनफर्डच्या इम्रान हक आणि विजय पांडे यांचा, २०१० चा. त्यांनी ‘मेमटेस्ट जी-८०’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’च्या स्वयंसेवकांच्या वीस हजारांहून जास्त मशिन्सवर तो चालवला. तपासलेल्या कार्डांपैकी दोन तृतीयांशांत मेमरीच्या चुका सापडल्या. ‘बघा, ओव्हरक्लॉकिंगचे तोटे!’ असं म्हणून हा आकडा फेकला जातो, पण पेपर तसं म्हणत नाही. ओव्हरक्लॉकिंग हिशेबात धरल्यावरही चुका उरतात आणि कार्डाच्या रचनेवर त्या खूप अवलंबून असतात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. शिवाय लेखकांनी स्वतःच्या ताब्यातल्या वातावरणात चाचण्या घेतल्या तेव्हा एकही चूक आढळली नाही! ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. लोकांच्या घरातली धूळ, वीज, उकाडा यांची थेट मोजणी लेखकांकडे नव्हती, तापमानाचा अंदाजसुद्धा आडवळणाने घेतलेला. पेपरचा हा कच्चा दुवा आहे असं मला वाटतं. आणि कार्डंही जुन्या पिढ्यांची, तेव्हा ते प्रमाण आजच्या कार्डांना लावता येणार नाही.

तरी पेपर वाचाच, वेगळ्या कारणासाठी. चुका ‘पॅटर्न’वर अवलंबून होत्या. म्हणजे तीच मेमरी एका प्रकारच्या आकड्यांना पास होते आणि दुसऱ्या प्रकाराला नापास. मग कुठल्यातरी बेंचमार्कच्या अर्ध्या तासाने तुमच्या कोडबद्दल काय सिद्ध होतं? फारसं काही नाही.

‘आम्ही पाण्याचा ताळेबंद तपासतो की,’ असं कुणी म्हणेल. जलाशयात उरलेलं, खोऱ्यात पसरलेलं आणि बाहेर गेलेलं पाणी मिळून मूळ साठा भरला पाहिजे. चांगली सवय आहे. पण दोन चौकोनांमधला प्रवाह एकदाच काढून एकाकडून वजा आणि दुसऱ्यात मिळवत असाल, तर तो प्रवाह चुकला तरी ताळेबंद जुळतोच! वेग चुकला तरी जुळतो. दोनदा चालवून उत्तरं ताडायची म्हटलं, तर बेरजांचा क्रम दर वेळी बदलणाऱ्या कोडमध्ये निरोगी कार्डावरही शेवटचे अंक वेगळे येतात. म्हणून आधी बेरजेचा क्रम पक्का करा. मग मूळ क्लॉकवरचं आणि वाढवलेल्या क्लॉकवरचं उत्तर बिट-बिट ताडता येईल.

एवढं करून मिळतं काय? पुराच्या या गणितात कार्डाचा बराच वेळ मेमरीतून आकडे आणण्यात जातो, त्यामुळे कोरचा क्लॉक वाढवून हाती थोडंच लागतं. मेमरीचा वाढवावा तर जीडीडीआर-५ पासूनच्या मेमरीत आकडा वाटेत बिघडला तर ओळखून परत पाठवायची सोय आहे. एका मर्यादेनंतर क्लॉक वर जातो आणि वेग खाली येतो, तोही क्रॅश न होता. महागड्या कार्डांतलं ईसीसी मेमरीत उलटलेला एखादा बिट दुरुस्त करतं, पण घाईत चुकलेली बेरीज त्याला कळत नाही.

वेळच वाचवायचा असेल तर पानशेतच्या खोऱ्याचा नकाशा उघडा. अरुंद दरी, दोन्हीकडे डोंगर. आयताकृती जाळीतले कितीतरी चौकोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोरडे राहतात आणि साधं कोड त्यांचंही गणित प्रत्येक पावलाला करत बसतं. आधी ते वगळा आणि किती वेळ वाचला ते मोजा. क्लॉकला हात लावायचा की नाही, ते त्यानंतर बघू.