पथ्य एकाचं, चूल सगळ्यांची

मराठीत कादंबरीवर परिसंवाद होतात, कवितेवर होतात. आहार, संगोपन आणि शरीर यांवरच्या पुस्तकांवर कुणी घेत नाही. खप मात्र यांचाच. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या दुकानांत गर्भसंस्कारापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं मिळतं. दिवस गेलेल्या सुनेला, साखर वाढलेल्या मेहुण्याला ही पुस्तकं भेट म्हणून जातात. एवढा वाचक असलेलं लेखन कुणी तपासत नाही, आणि ते त्या लेखनात दिसतं.

सुरुवात दमदार होती. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. एका खटल्यात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. संततिनियमनावर लिहिणाऱ्या या माणसाने ‘आधुनिक आहारशास्त्र’ही लिहिलं, कारण भूक आणि लैंगिकता त्यांच्या लेखी एकाच देहाच्या गोष्टी होत्या. भाषा कोरडी, कधी तुसडीही. पण आडपडदा नाही. कमला सोहोनींनी 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, नीरेवर संशोधन केलं आणि ‘आहारगाथा’ मराठीत लिहिली. एवढ्या तोलाच्या शास्त्रज्ञाने घरच्या स्वयंपाकासाठी लेखणी उचलावी, हे पुढे फारसं घडलं नाही. पालकत्वात 1987 पासून पुण्याचं ‘पालकनीती’ मासिक आणि शोभा भागवतांचं लेखन यांनी मुलाला वळण लावण्याआधी समजून घ्यायला शिकवलं.

कर्व्यांनी एकच मानलेला देह आजच्या पुस्तकांनी वाटून टाकला आहे. बारा वर्षांच्या मुलीच्या आईने आहाराचं पुस्तक उघडलं तर लोह मिळतं, पालकत्वाचं उघडलं तर संवाद. पाळीचं पान मात्र दोन्हींत शोधत बसावं लागतं. महाराष्ट्राने 2007 मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, तेव्हा ही जबाबदारी उघडच घरावर आली. ती उचलायला मराठी लेखक धावले, असं काही दिसलं नाही. पाळीवरचं ‘मेन्स्ट्रुपीडिया’सारखं चित्रपुस्तक मराठीत आलं, तेही अनुवाद होऊन.

प्रभाव मोजायचा तर मराठवाड्याने दिलेलं मोठं नाव डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या दीक्षितांनी, डॉक्टर आणि राजकारणी श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून, दिवसातून दोनदाच आणि 55 मिनिटांच्या आत जेवा असं सांगितलं. 2018 मध्ये सरकारने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे दूत केलं. वैद्यकीय वाद डॉक्टरांनी घालावेत. लेखन म्हणून पाहिलं तर यश कशात आहे ते लगेच कळतं: सल्ल्याला पैसे पडत नाहीत. भाकरी तीच, घड्याळ तेवढं बदलायचं. पण हा सल्ला प्रौढ माणसाला, एकट्याला दिलेला आहे. त्याच घरात लहान पोर असतं; पोट इवलंसं, त्याला दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं लागतं. बाळंतीण असते. कर्त्याने जेवणाच्या वेळा बदलल्या की चुलीपुढची फेरी घरच्या बाईची वाढते. दीक्षितांनाच का बोल लावा? बहुतेक आहारपुस्तकांचा वाचक एकटा असतो आणि त्याला रांधून वाढणारं कुणीतरी असतं, हे धरूनच ती लिहिलेली असतात.

तक्ते बघा. उठल्यावर पाच भिजवलेले बदाम, अकराला एक फळ, संध्याकाळी सूप. तांदूळजा, पाथरी, अंबाडी यांचा पत्ता नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्यांच्या कामाचं पान सोपं आहे: जेवणावर लगेच चहा नको, चहा पालेभाजीतलं लोह अंगी लागू देत नाही, लिंबू पिळलं तर ते जास्त लागतं. त्याआधी एक विचारायला हवं, की सगळ्यांचं झाल्यावर पानावर बसणारीला कालवण उरतं किती? हे विचारणारं आहारपुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही.

खऱ्या चुलीकडे बघायचं धाडस करणारं पुस्तक आरोग्याचं नव्हतंच. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये याच शहरातल्या जनशक्ती वाचक चळवळीने काढलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं, ते त्यात पाककृतींसह आहे. त्यातल्या चान्या म्हणजे मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या. एका दिवशी मिळालेलं पुढच्या टंचाईत पुरवायची ती सोय. कुठल्याही आहारतक्त्यात त्यांच्या प्रथिनांचा हिशेब मी पाहिलेला नाही. पाटोळे गहिवरतही नाहीत. यातलं बरंचसं अन्न आवडीचं नव्हतं, नाइलाजाचं होतं, हे ते लपवत नाहीत. ‘आजीच्या हातची बाजरी’ म्हणून महाग पाकिटं विकणाऱ्यांच्या रांगेत हे पुस्तक म्हणूनच बसत नाही. इथल्या सरकारी घाटी रुग्णालयात येणाऱ्या बाईला काय खावं हे सांगू पाहणाऱ्या लेखकाने आधी ते वाचावं. मग ‘रोज एक सफरचंद’ असं सहज लिहिणं त्याला जड जाईल.