सूचीतील अंक आणि यंत्राची मर्यादा : दुहेरी टर्बो-संचाच्या निवडीविषयी

करमाड रेल्वे-स्थानकापासून थोड्या अंतरावर, जालना रस्त्यालगत, शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना २००१ पासून मोटारी जुळवीत आला आहे. २००४ मध्ये भारतात विक्रीस आलेली ऑक्टेव्हिया आर. एस. ही १.८ लिटरची टर्बोयुक्त पेट्रोल-मोटार याच परंपरेतील होय. या परिसरातील कारागिरास व हौशी मोटारमालकास टर्बो ही वस्तू अपरिचित नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी. परंतु कारखान्याने मुळातच यंत्राच्या अंगी घडविलेला टर्बो आणि मागाहून विकत घेऊन जोडावयाचा टर्बो-संच, बाजारात ज्याला ‘किट’ म्हणतात तो, या दोहोंत एक मूलगामी भेद आहे. पहिला मालकाच्या हाती मोटार म्हणून येतो. दुसरा प्रथम येतो तो मजकूर म्हणून. लोखंड पाहण्यापूर्वी ग्राहक सूची वाचतो आणि तिच्या आधारे लक्षावधी रुपयांचा निर्णय घेतो. ही सूची हा एक लेखनप्रकारच आहे. ती काय सांगते, कोणाला उद्देशून सांगते आणि काय सांगण्याचे टाळते, हे प्रश्न तिलाही विचारले पाहिजेत.

विषयाच्या स्पष्टीकरणापुरते एवढेच सांगणे पुरे की, टर्बोचार्जरमध्ये सिलिंडरातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून यंत्रात लोटते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान वापरले तर चाके हलकी होतात व लवकर वेग घेतात. शिवाय ‘व्ही’ आकाराच्या यंत्रात दोन बाजूंना दोन बसविणे सोयीचे पडते. १९८१ च्या मासेराटीने तर हे वैशिष्ट्य मोटारीच्या नावातच घातले : ‘बिटुर्बो’. त्या मोटारीची कीर्ती मात्र वेगापेक्षा बिघाडांमुळेच अधिक झाली, हेही येथे नोंदविले पाहिजे.

भारतातील खरेदीदाराच्या दृष्टीने उदाहरण म्हणून फोर्ड मस्टँग ही मोटार घेणे उचित ठरेल. २०१६ मध्ये ती येथे अधिकृतपणे विक्रीस आली : पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे, टर्बोविरहित यंत्र, सुमारे ४०० अश्वशक्ती. अमेरिकेत याच यंत्रासाठी दुहेरी टर्बो-संच विकणारे निर्माते अनेक आहेत आणि त्यांच्या सूची भारतातही वाचल्या जातात. या सूचींचे सर्वसामान्य स्वरूप एकसारखे आढळते. आरंभी एक मोठा अंक, बहुधा ७०० वा ८०० अश्वशक्तीचा. त्याखाली ‘सर्व आवश्यक भागांसह’ असे आश्वासन. मग टर्बोचे, नळ्यांचे व इंटरकूलरचे वर्णन. ज्या यंत्रावर हे सारे बसवावयाचे त्याचा उल्लेख एका ओळीत, केवळ वर्ष व नमुना एवढाच, आटोपलेला असतो. वर्णनाचा सारा भर जोडावयाच्या वस्तूवर आणि ज्याला जोडावयाची त्याच्याविषयी मौन, असा हा घाट आहे.

या मौनाचे महत्त्व कळण्यासाठी टोयोटाचे उदाहरण पाहावे. १९९३ च्या सुप्रा मोटारीत तीन लिटरचे एकच कुळीचे यंत्र दोन रूपांत मिळे. टर्बोविरहित रूपात संपीडनाचे प्रमाण, ज्याला कारागीर कॉम्प्रेशन म्हणतात ते, १० ला १ होते. दुहेरी टर्बोच्या रूपात ते ८.५ ला १ असे उतरविले होते. पिस्टनचा माथा बदलला, त्याच्या पोटाशी तेलाचा फवारा दिला, इंधनाची व्यवस्था वेगळी केली. निर्मात्याने स्वतः टर्बो लावताना यंत्राच्या अंतर्भागाला हात घातला, तो का, हे उघड आहे. आधीच दाबून आत लोटलेली हवा सिलिंडरात पुन्हा दाबली जाते, तापते, आणि ठिणगी पडण्याआधी वा नंतर इंधन अनियंत्रितपणे पेटते. यंत्र ‘नॉक’ करू लागते व पिस्टन फुटतो. १९७४ च्या पोर्श ९११ टर्बोमध्ये हे प्रमाण ६.५ इतके खाली आणलेले होते. उलट २०१६ च्या मस्टँगच्या यंत्रात ते ११ ला १ आहे आणि बाहेरून जोडावयाचा संच त्याला स्पर्शही करीत नाही. अशा संचाची विश्वासार्हता सर्वस्वी दोन गोष्टींवर अवलंबून राहते : इंधनाचा प्रतिकार आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान. नेमक्या याच दोन गोष्टी स्थानपरत्वे बदलतात.

यांपैकी इंधनाचा प्रश्न हा वस्तुतः वाचनाचा प्रश्न आहे. अमेरिकन सूचीत ‘९१ ऑक्टेन’ वा ‘९३ ऑक्टेन’ अशी अट असते. अमेरिकेतील पंपावरचा अंक हा रिसर्च व मोटर या दोन पद्धतींनी काढलेल्या ऑक्टेन संख्यांची सरासरी असतो. भारतात सांगितला जाणारा अंक केवळ रिसर्च पद्धतीचा असतो, आणि तो स्वभावतःच मोठा येतो. अमेरिकेचे ९१ म्हणजे येथील सुमारे ९५ ते ९६. तेथील ९३ म्हणजे येथील सुमारे ९८. एप्रिल २०२० पासून भारत-६ प्रमाणकाखाली येथील सामान्य पेट्रोलची किमान संख्या ९१ होती. त्या काळात ज्याने सूचीतील ९१ आणि पंपावरील ९१ एकच मानले, त्याने अंक बरोबर वाचला आणि अर्थ चुकीचा घेतला. शब्द तोच व अर्थ निराळा असा घोटाळा भाषांतरकारांना परिचित आहे. येथे त्याची किंमत यंत्राने मोजावयाची असते, एवढाच फरक.

वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणामुळे ही संख्या ९५ वर गेल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. त्यामुळे एक अडचण कमी झाली, दुसरी आली. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, दहा टक्के इथेनॉलच्या मिश्रणास १४.१ आणि वीस टक्क्यांच्या मिश्रणास सुमारे १३.५. अमेरिकेतील सर्वसाधारण पेट्रोल दहा टक्क्यांचे असते. तेथे आखलेल्या हिशेबात येथे सुमारे ४ टक्के अधिक इंधन पुरवावे लागते, आणि संचातील इंजेक्टर व पंप आपल्या क्षमतेच्या टोकाशी काम करीत असतील तर हे ४ टक्के आणावयाचे कोठून? ज्या सूचीत इंजेक्टरची क्षमता दिलेली नाही ती या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. ९८ च्या वरचे इंधन हवे असेल तर १०० ऑक्टेनचे पेट्रोल आहे. इंडियन ऑइलने ते डिसेंबर २०२० मध्ये आणले तेव्हा पहिल्या दहा शहरांत महाराष्ट्रातून मुंबई व पुणे ही दोनच होती. करमाडच्या मोटारीला रोजचे इंधन म्हणून पुण्याकडे पाहावे लागत असेल, तर ती मोटार दारात उभीच राहावयाची.

हवेच्या तापमानाचा हिशेब साधा आहे, तरी कोणत्याही सूचीत तो क्वचितच आढळतो. अर्धा बार, म्हणजे सुमारे सात पीएसआय, एवढा जादा दाब गृहीत धरू. समुद्रसपाटीवर १५ अंशांची हवा ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून सुमारे ६५ अंशांवर बाहेर पडते. मराठवाड्याच्या पठारावर, जेथे उंचीमुळे हवा मुळातच विरळ असते, मे महिन्यातील ४२ अंशांची हवा त्याच टर्बोतून जवळजवळ १०० अंशांवर निघते. चांगला इंटरकूलर या वाढीतील ७० टक्के उष्णता काढून घेईल असे धरले, तरी तेथे यंत्रात शिरणारी हवा ३० अंशांची आणि येथे ५९ अंशांची. संच तोच, यंत्र तेच, इंधनही तेच. सुरक्षिततेचे अंतर मात्र घटले. म्हणून इंटरकूलरचे वर्णन ‘मोठा’, ‘उत्तम’ अशा विशेषणांनी करणारी सूची आणि त्याच्या गाभ्याची मापे व मोजलेली तापमाने देणारी सूची, या दोहोंमध्ये निवड करताना वाचकाने संकोच करू नये.

अश्वशक्तीच्या त्या ठळक अंकाविषयीही थोडे लिहिणे प्राप्त आहे. तो चाकांवर मोजलेला आहे की यंत्राच्या दांड्यावरचा अंदाज आहे, हे पुष्कळदा गुलदस्त्यात असते. मोजला असला तरी त्यास हवामानाची ‘दुरुस्ती’ लावलेली असते. ही पद्धत टर्बोविरहित यंत्रांसाठी योग्य आहे. पण टर्बोयंत्र विरळ हवेची तूट स्वतःच बरीचशी भरून काढीत असल्याने त्यावर तीच दुरुस्ती लावली की अंक फुगतो. दुरुस्तीचा उल्लेख न करता अंक छापणे हा खोटेपणा नसेल. अर्धवट वाक्य लिहिण्याचा दोष तरी तो आहेच.

यावर असे म्हटले जाईल की, सूची हे जाहिरातीचे साधन आहे, तिच्याकडून प्रबंधाची अपेक्षा करणे अन्यायाचे होय. आक्षेपात तथ्य आहे. तथापि चांगल्या सूची अस्तित्वात आहेत व त्यांची लक्षणे वेगळी काढता येतात. अशी सूची आपल्या संचाची मर्यादा स्वतः सांगते : मूळ कनेक्टिंग रॉड कायम ठेवून किती शक्तीपर्यंत जावे, तेलपंपाची दंतचक्रे केव्हा बदलावीत, कोणत्या दाबाच्या पुढे जाऊ नये. ती टर्बोचा नमुना व कॉम्प्रेसरचा नकाशा देते. प्रत्येक भाग सुटा मिळेल असे ती लिहिते, कारण एका वर्षाने फाटणारी रबरी नळी अमेरिकेहून संपूर्ण संचासह मागवावी लागणे ही विश्वासार्हता नव्हे. आणि ती तेलाच्या परतीच्या नळीविषयी बोलते. टर्बोतून तेल केवळ उतारानेच परत जाते. टर्बो खाली बसविला तर ते ओढून घेणारा वेगळा पंप लागतो, आणि दुहेरी संचात ही सारी व्यवस्था दोनदा करावी लागते. निळा धूर सोडणाऱ्या कित्येक मोटारींत दोष टर्बोचा नसतो; तो या नळीचा असतो.

मर्यादा सांगणे का आवश्यक, हे निस्सानच्या १९८९ च्या स्कायलाइन जी. टी.-आर. वरून कळते. तिच्या दोन्ही टर्बोंची चाके चिनी मातीच्या जातीच्या, म्हणजे सिरॅमिक पदार्थाची होती. हलकी, त्वरित फिरणारी आणि कारखान्याने ठरविलेल्या दाबात टिकाऊ. हौशी मालकांनी दाब वाढविताच तीच चाके दांड्यापासून निखळू लागली. ते टर्बो विश्वासार्ह होते की नव्हते? प्रश्न असा विचारला की त्याला उत्तर नाही. विश्वासार्हता हा सुट्या वस्तूचा गुण नसून विशिष्ट दाबाला, विशिष्ट यंत्रात, विशिष्ट हवेत प्रकट होणारा संबंध आहे. ‘विश्वासार्ह संच’ या शब्दप्रयोगात विशेषण आहे ते अपुऱ्या विशेष्याला लागलेले.

कायद्याच्या बाजूविषयी तर परदेशी सूचीत काही असणेच शक्य नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निर्णयात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. अपघातानंतर विमा कंपनी याच तपशिलाकडे बोट दाखवू शकते. बंदिस्त धावपट्टीवरच चालवावयाची मोटार आणि जालना रस्त्यावर चालवावयाची मोटार यांची निवड या कारणाने मुळातच भिन्न ठरते. दुसरीच्या बाबतीत कारखान्यातून टर्बोसह आलेली मोटार घेणे हा नीरस, परंतु अधिक समंजस पर्याय होय.

१९६२ मध्ये ओल्ड्समोबिलने ‘जेटफायर’ ही मोटार विकावयास काढली. टर्बोसह कारखान्यातून निघालेल्या पहिल्या एक-दोन मोटारींपैकी ती एक. संपीडन १०.२५ ला १ एवढे चढेच ठेवले होते, आणि नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून फवारले जाई. सूचनापुस्तिकेत टाकी भरण्याची सूचना होती. पुष्कळ मालकांनी ती भरली नाही. टाकी रिकामी होताच यंत्रणा टर्बोचा दाब कमी करी, मोटार मंदावे आणि मालक तक्रार घेऊन विक्रेत्याकडे जाई. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास मोटारी निघाल्या. १९६५ मध्ये कंपनीने मालकांना टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून घेण्याची सवलत देऊ केली, आणि अनेकांनी ती घेतली.