यात्रिकाची हरवलेली गुंडाळी

मरणशय्येवरील विश्वासणाऱ्याने ‘पाळकसाहेब, माझे तारण झाले आहे ना?’ असे विचारले म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांची वाणी अडखळते. ‘हो’ म्हणावे, तर त्याच्या अंतःकरणाची साक्ष आपण कशी द्यावी? ‘देव जाणे’ म्हणावे, तर मग सुवार्ता ती कोणती? या प्रश्नासंबंधी जॉन बन्यन याच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८) या ग्रंथाचा पुन्हा विचार करणे उचित होईल. हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ या नावाने तो मराठीत आणला. त्यातील खात्रीविषयीची शिकवण मात्र आपण समजतो तितकी सरळ नाही.

क्रूसापाशी यात्रिकाचे ओझे गळून पडते. तेथे भेटलेल्या तिघा तेजस्वी व्यक्तींपैकी पहिली पापक्षमा जाहीर करते, दुसरी लक्तरे उतरवून नवी वस्त्रे देते आणि तिसरी कपाळावर खूण करून मुद्रांकित गुंडाळी हाती देते. पुढे डोंगरावरील कुंजात त्याला झोप लागते व गुंडाळी पडते. ती शोधावयास त्याला रडत मागे जावे लागते. परंतु गुंडाळी हरवली तरी वस्त्रे व खूण हरवलेली नाहीत, हे ध्यानात घ्यावे. खात्री गमावणे म्हणजे तारण गमावणे नव्हे. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचा अठरावा अध्यायही असेच प्रतिपादन करतो: खात्री लाभू शकते, परंतु खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागणे शक्य आहे.

शेवटच्या नदीचा प्रसंग तर अधिकच बोलका आहे. यात्रिक बुडू लागतो, त्याला अंधारी येते, आपण पलीकडे पोहोचणार नाही असे तो म्हणतो. तरीही तो पोहोचतो. उलट ‘अज्ञान’ नावाचा प्रवासी, ज्याला आपल्या हृदयाच्या ग्वाहीवर पूर्ण भरवसा आहे, तो ‘पोकळ आशा’ नामक नावाड्याच्या नावेतून सुखाने पार होतो आणि वेशीवरून परत लोटला जातो. मनाचा निर्धास्तपणा म्हणजे खात्री नव्हे, हा धडा आपल्या काळातील उत्साही सभांनाही लागू आहे.

येथेच मात्र ग्रंथावर आक्षेप घेणे भाग आहे. अज्ञानाला वेशीवर गुंडाळी मागितली जाते व ती नसल्यामुळे तो नाकारला जातो. एकच गुंडाळी कुंजात खात्रीचे चिन्ह आणि वेशीवर प्रवेशपत्र ठरते. मग ज्याची खात्री डळमळली आहे त्या दुर्बळ वाचकाने काय समजावे? तो स्वतःच्याच उराशी चाचपत राहील. बन्यनला हे दुःख अपरिचित नव्हते. ‘ग्रेस अबाउंडिंग’ (१६६६) मध्ये त्याने एसावाच्या दृष्टांताने आपण कसे गांजलो ते सांगितले आहे. आपले नीतिमत्त्व म्हणजे देवाच्या उजवीकडे बसलेला ख्रिस्त, आपल्या मनःस्थितीने ते वाढतही नाही व घटतही नाही, असे कळले तेव्हा त्याच्या बेड्या तुटल्या. या अनुभवाच्या कसोटीस गुंडाळीचे रूपक उतरत नाही. त्यापेक्षा शंकेच्या किल्ल्याचे कुलूप उघडणारी ‘अभिवचन’ नावाची किल्ली हे त्याचेच रूपक अधिक यथार्थ आहे. कारण अभिवचन देणारा दुसरा आहे.

आणखी एक गोष्ट. बुडत्या यात्रिकाचे डोके पाण्यावर धरतो तो त्याचा सोबती ‘आशावंत’. खात्री ही एकट्याची मालमत्ता नव्हे. ती मंडळीत, वचनातून व संस्कारांतून दिली जाते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक महासंघ व रोमन कॅथलिक मंडळी यांनी ज्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्यातही स्वतःची दुर्बलता जाणूनही देवाच्या अभिवचनावर विसंबता येते, असे एकमताने मान्य केले आहे. शतकानुशतकांच्या वादानंतर झालेले हे मतैक्य लहान नव्हे.

तेव्हा त्या शय्येपाशी आपण काय बोलावे? त्याच्या अंतःकरणाची तपासणी करू नये. त्याच्या बाप्तिस्म्याची आठवण द्यावी, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवट वाचावा, प्रभुभोजन द्यावे आणि हात धरून बसावे. त्याची गुंडाळी हरवली असेल. पण ज्याने त्याला वस्त्र दिले तो त्याला ओळखतो.