मलिकंबराचे चार साक्षी

निजामशाहीच्या उत्तरकालाविषयीं लिहिणारा प्रत्येक लेखक मलिकंबराचें नांव आदरानें घेतो. परंतु हा आदर बहुधा दोन वाक्यांत संपतो. अंबर हा शूर हबशी सरदार होता, हें एक वाक्य. मराठे त्याच्या हाताखालीं गनिमी कावा शिकले, हें दुसरें. पहिल्या वाक्यानें तो चाकर ठरतो, दुसऱ्यानें पंतोजी. इ. स. १६०० पासून १६२६ पर्यंत, मध्यंतरीं प्रतिस्पर्धी उभे राहिले तरी, एका मोडत चाललेल्या राज्याचा भार ज्यानें वाहिला आणि अकबर व जहांगीर या दोन पातशहांच्या फौजा ज्यानें दक्षिणेंत रोखून धरिल्या, त्याचें मोजमाप राज्यकर्ता म्हणून व्हावयास पाहिजे. तें करावयाचें तर त्याच्याविषयीं कोण काय सांगतो, आणि सांगणाराचा स्वतःचा हेतु काय, हें आधीं तपासणें प्राप्त आहे. प्रस्तुत लेखांत चार साक्षींची तपासणी करून निवाडा देण्याचें योजिलें आहे.

हा विषय आमच्या भागास परका नाहीं. येडशीहून घाट उतरून बार्शीस यावें व तेथून पुढें जावें, म्हणजे परंड्याचा भुईकोट लागतो. ऑगस्ट १६०० मध्यें मोगलांनीं अहमदनगरचा किल्ला घेतला, बालराजा बहादुर निजामशहा ग्वाल्हेरच्या बंदिवासांत गेला, आणि निजामशाही बुडाली असें सर्वांस वाटलें. त्याच वर्षीं अंबरानें राजवंशांतील शहा अलीच्या मुलास परंड्यास दुसरा मुर्तजा म्हणून तक्तावर बसविलें व आपली मुलगी त्यास दिली. राजधानी पडली म्हणजे राज्य पडतें असें नाहीं. राजवंश, कोश आणि सैन्य जेथें एकत्र येतील तेथें राज्य उभें राहतें, हें परंड्याच्या कोटांत सिद्ध झालें. पुढें राजधानी जुन्नर, दौलताबाद व खडकी अशी हलली. परंतु प्रारंभ या जिल्ह्यांत झाला, ही गोष्ट येथील वाचकानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पहिला साक्षी पीटर व्हान डेन ब्रूके हा डच व्यापारी. हा १६१७ मध्यें अंबरास भेटला. अंबराचें मूळचें नांव चापू, जन्म हबसाणांत, मोखा बंदरांत वीस डुकाटांस झालेली विक्री, ही माहिती डच लेखांतूनच येते. पुढें बगदादच्या मीर कासीम नांवाच्या धन्यानें त्यास शिक्षण दिलें व अंबर हें नांव ठेविलें. त्यानंतर निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतःही हबशीच होता, यानें त्यास विकत घेतलें. चंगीझखान मेल्यावर त्याच्या विधवेनें अंबरास मुक्त केलें; कांहीं काळ विजापुराकडे चाकरी करून तो अखेर निजामशाहींत परतला. अंबराच्या मुलखांत चोरांस कडक शासन असून बंदोबस्त उत्तम आहे, अशी या व्यापाऱ्याची साक्ष आहे. त्याच्याच लेखांत दुसरीही एक गोष्ट आहे. मुर्तजाच्या इराणी बेगमेनें अंबराच्या मुलीस गुलामाची पोर म्हणून हिणविलें, आणि त्या रागानें अंबरानें राजा व बेगम या दोघांस विष देवविलें, असें तो सांगतो.

येथें दृष्ट आणि श्रुत यांतील भेद विसरतां कामा नये. मुलखाचा बंदोबस्त या व्यापाऱ्यानें स्वतः अनुभविला. जनानखान्यांतील कलह त्यानें केवळ ऐकला. म्हणून कृत्याचें कारण संशयित राहतें. परंतु १६१० मध्यें मुर्तजा नाहींसा झाला आणि त्याच्या जागीं अल्पवयी बुऱ्हाण आला, यांत संशय नाहीं. अंबराच्या स्तुतिपाठकांनीं हें पान घाईनें उलटूं नये. ज्यास आपण हातानें तक्तावर बसविलें, त्या आपल्या जांवयाच्या नाशाचा आळ त्याच्यावर आहे, आणि तो धुऊन काढील असें साधन आपणांपुढें नाहीं.

दुसरा साक्षी शत्रु आहे. जहांगीर आपल्या आत्मचरित्रांत अंबरास काळतोंड्या, करंटा अशीं विशेषणें पुनःपुन्हा लावितो. १६१६ च्या आरंभीं मोगलांनीं अंबराचा पराभव करून खडकी जाळली. त्याच सुमारास दरबारचा चित्रकार अबुल हसन यानें एक चित्र काढलें; तें आज डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहांत आहे. जहांगीर पृथ्वीगोलावर उभा आहे, समोर भाल्यावर अंबराचें मुंडकें खोंचलेलें आहे, आणि पातशहा त्यावर बाण सोडतो आहे, असा त्यांतील देखावा. वस्तुस्थिति अशी कीं, जहांगीर अंबराशीं समोरासमोर कधींही लढला नाहीं. आणि त्या चित्रानंतर अंबर सुमारें दहा वर्षें जगून मे १६२६ मध्यें, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आसपास, वार्धक्यानें मरण पावला. जें रणांगणांत साधलें नाहीं तें पातशहानें कागदावर साधून घेतलें.

शिवीचा पुरावा उलटा वाचावा लागतो. क्षुद्र बंडखोराची पातशहा इतकी दखल घेत नाहीं, आणि त्याच्या मुंडक्यासाठीं उत्तम चित्रकारास राबवीत नाहीं. या अनुमानास प्रत्यक्ष आधारही आहे. जहांगीराच्याच पदरचा इतिहासकार मोतमदखान यानें इकबालनाम्यांत अंबराच्या मृत्यूची नोंद करितांना युद्ध, सेनापतित्व, विवेक व राज्यकारभार यांत त्यास तोड नव्हती, आणि कोणी हबशी गुलाम एवढ्या पदास पोंचल्याचें इतिहासांत दुसरें उदाहरण नाहीं, अशा आशयाचा अभिप्राय दिला आहे. धनी शिव्या देतो आणि चाकर स्तुति करितो, तेव्हां चाकराचें म्हणणें अधिक वजनदार मानावें. कारण या स्तुतीनें त्यास लाभ होण्याचा संभव नव्हता.

तिसरा साक्षी संस्कृत कवि आहे. कवींद्र परमानंदाचें शिवभारत १९२७ मध्यें स. म. दिवेकर यांनीं प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून भातवडीच्या १६२४ मधील लढाईचें वर्णन मराठी अभ्यासकांस सुलभ झालें आहे. एका बाजूस मोगल व विजापूर यांचीं एकवटलेलीं सैन्यें आणि दुसऱ्या बाजूस अंबर, असा तो प्रसंग. शहाजी व त्याचा भाऊ शरीफजी हे अंबराच्या बाजूनें लढले, आणि शरीफजी तेथें पडला. तारकासुराशीं युद्ध करणाऱ्या कार्तिकेयाभोंवतीं देव जमावे, तसे शहाजीप्रभृति राजे अंबराभोंवतीं जमले, असा उपमेचा आशय आहे. कवि शिवछत्रपतींच्या आश्रयाचा. नायकाच्या पित्याचा पराक्रम गाणें हा त्याचा हेतु उघड आहे, आणि त्या मानानें भोसल्यांच्या यशाचें वर्णन सावधपणें घेतलें पाहिजे. परंतु अंबराची थोरवी गाण्याचें त्यास कांहीं प्रयोजन नव्हतें. अंबर मरून अर्धशतक होत आलें होतें, त्याचें राज्यही नष्ट झालें होतें. तरी देवसेनापतीचें स्थान त्यास द्यावें लागलें, यावरून मराठी राज्यांत त्याची स्मृति कोणत्या दर्जाची होती हें कळतें.

या उपमेची मर्यादाही पाहण्यासारखी आहे. कार्तिकेय देवांचा सेनापति आहे. स्वर्गाचा राजा इंद्र. कवीनें हें हेतुतः केलें किंवा नाहीं हा प्रश्न वेगळा, पण उपमा तंतोतंत बसते. अंबराच्या सर्व कर्तृत्वाचें मर्म आणि वैगुण्य या एका भेदांत आहे.

चौथा साक्षी मुका आहे, तो म्हणजे जमीन. १६१० मध्यें अंबरानें खडकी शहर वसविलें. पुढें तें औरंगाबाद झालें, व २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर. त्या शहरास डोंगराकडील भूमिगत पाणी नळांनीं आणणारी अंबरी नहर त्याच्याच काळची. सारावसुलीची त्यानें घातलेली पद्धति मलिकंबरी धारा या नांवानें लोकांच्या स्मरणांत राहिली. इजाऱ्यानें वसुली देण्याची चाल बंद करणें, प्रत्यक्ष पिकाच्या मानानें सारा ठरविणें, आणि कांहीं हंगामांच्या अनुभवावरून त्याचें नगदींत रूपांतर करणें, असें तिचें स्वरूप ग्रँट डफ यानें १८२६ च्या इतिहासांत दिलें आहे; धान्यरूपानें दोनपंचमांश व नगदीनें सुमारें एकतृतीयांश हें प्रमाणही तो सांगतो. अंबर आणि डफ यांच्यामध्यें बरोबर दोनशें वर्षांचें अंतर असल्यानें हे आंकडे परंपरेचे म्हणून घ्यावे, दप्तराचे म्हणून नव्हेत. शिवाय एखाद्या गांवांत जुना धारा आढळला कीं तो अंबराचा, असें म्हणण्याची जी संवय पडली आहे ती टाकली पाहिजे. तथापि सारा घेणाराचें नांव रयत दोन शतकें चांगुलपणानें घेते, हें निर्मूल असणें शक्य नाहीं.

आतां निवाडा. मुद्राराक्षसांत चाणक्याच्या तोंडून राज्यसिद्धीचे तीन प्रकार सांगितले आहेत: राजायत्त, सचिवायत्त आणि उभयायत्त. अंबराचें राज्य शुद्ध सचिवायत्त होतें. त्यानें आपल्या नांवाचें नाणें पाडलें नाहीं, तक्तावर तो बसला नाहीं. हा केवळ विनय नव्हता. बंगाल्यांत १४८७ मध्यें हबशांनीं स्वतः सुलतानपद घेतलें आणि १४९३ च्या सुमारास त्यांची सत्ता नामशेष झाली. अंबरानें निजामशाही वंशाचें छत्र कायम ठेविलें, म्हणून दखनी मुसलमान, हबशी आणि मराठे त्याच्याभोंवतीं सव्वीस वर्षें टिकले. परंतु सचिवायत्त राज्याचा दोष असा कीं, सचिवाची बुद्धि वारशानें जात नाहीं. अंबराच्या मागून अधिकार त्याचा मुलगा फत्तेखान याच्याकडे आला, आणि १६३३ मध्यें दौलताबाद पडलें. बापानें सव्वीस वर्षें जतन केलेलें सात वर्षांत गेलें.

आणि येथें पंतोजीचें रूपक अपुरें ठरतें. शहाजीनें १६३३ नंतर पेमगिरीस निजामशाही वंशांतील मूल तक्तावर बसवून तीन वर्षें जो प्रयत्न केला, तो परंड्याचाच कित्ता होता. १६३६ मध्यें तोही संपला. छाप्याची लढाई शिकणें सोपें होतें. दुसऱ्याच्या छत्राखालीं राज्य टिकत नाहीं, हा धडा शिकणें अवघड होतें. १६७४ मध्यें शिवाजीनें स्वतःस अभिषेक करविला आणि स्वतःचें नाणें पाडलें, तेव्हां सचिव व राजा यांतील भेद मिटला. अंबरानें जें केलें त्यापेक्षां त्यास जें करतां आलें नाहीं, त्यानेंच मराठ्यांस अधिक शिकविलें असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

म्हणून अंबरास नुसता शूर सरदार म्हणणें हें अज्ञान, आणि निष्कलंक महात्मा म्हणणें ही भाबडेपणाची परमावधि होय. हबसाणांत जन्मलेला, तीनदां विकला गेलेला हा पुरुष दक्षिणेच्या एका राज्याचा सव्वीस वर्षें खरा धारक होता. जांवयाच्या मृत्यूचा डाग त्याच्या नांवावर आहे, आणि नहरीचें पाणीही त्याच्याच नांवावर आहे. खुलदाबादेस त्याची कबर आहे. परंड्यास त्याच्या राज्याचा आरंभ आहे. या जिल्ह्याचा इतिहास लिहिणारानें त्याला पाहुणा न समजतां, येथील राज्यकर्त्यांच्या मालिकेंत त्याच्या गुणदोषांसह जागा द्यावी.